मावळच्या मतपेटीची बखर

मावळचे नाव काढले की आपल्याकडे लगेच तलवारीची भाषा सुरू होते. लोहगड-विसापूर, तुंग-तिकोना, शिवछत्रपतींचे मावळे. फार झाले तर १७७९ सालच्या जानेवारीत बोरघाट चढून आलेल्या इंग्रजी फौजेला वडगावात तह लिहून द्यावा लागला, ती हकिगत. यात वावगे काहीच नाही. मी स्वतः इतिहासाचा शिक्षक. छत्तीस वर्षे हेच फळ्यावर लिहिले आणि हेच उत्तरपत्रिकांत तपासले. पण निवृत्तीनंतर एक गोष्ट मनाला लागून राहिली. मावळच्या माणसाने तलवार खुंटीला टांगली त्याला दोनशे वर्षे होऊन गेली. त्यानंतर त्याच्या हाती जे हत्यार आले ते मताच्या कागदाचे, आणि ते त्याने काही कमी कौशल्याने चालवले नाही. त्या लढायांची बखर मात्र कोणी लिहिली नाही. ती आज जमेल तशी लिहावी म्हणतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कोणता पक्ष चांगला आणि कोणता वाईट, हे ठरवण्याचा हा उद्योग नव्हे. दिवाळीच्या फराळाच्या ताटावर तो वाद मांडला तर चकलीचा तुकडा घशात अडकायचा! मला सांगायचे आहे ते एवढेच की, आमच्या मतदाराने आजवर कोणत्याही चिन्हाला आपले घर लिहून दिलेले नाही. का दिले नाही, याचे उत्तर त्याच्या स्वभावात जितके आहे तितकेच त्याच्या पाण्यात आहे.

पाण्यात, असे मी शब्दशः म्हणतो. पुण्याहून लोणावळ्याला गाडीने जाताना जो हिरवा मुलूख दिसतो, त्याचे आम्ही तीन भाग करतो : आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ. तिन्ही भाग म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतली खोरी. पाऊस असा की जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसू नये. आंबेमोहोराचा वास घरात भरून राहावा अशी भातखाचरे. आणि पुढे वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला तो ‘इंद्रायणी’ तांदूळ तर आता साऱ्या महाराष्ट्राच्या पातेल्यात शिजतो. एवढे पाणी जिथे पडते तिथे ते अडवणारेही येणारच. १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातली टाटांची वीज मुंबईला पोहोचली, ती लोणावळा-वळवणच्या आमच्या पाण्यावर. मुंबईच्या गिरण्या आणि दिवे त्या विजेवर चालले. ज्यांची जमीन त्या तलावांखाली गेली त्यांना विचारले कोणी? विचारण्याची सोयच नव्हती. ठराविक शेतसारा भरणारे, घरदार असलेले किंवा शिकलेले मूठभर लोक तेवढे मतदार; बाकी सारे मोजणीबाहेर. १९२१ साली शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांबरोबर जे मावळे धरणाच्या कामावर आडवे पडले, त्यांच्यापाशी मताचा कागद नव्हता. आडवे पडायला अंग तेवढे होते. धरण झाले ते झालेच.

१९३५ च्या कायद्याने मताचा अधिकार थोडा रुंदावला. तरी साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार तीन-साडेतीन कोटींच्या घरातच राहिले. खरा दिवस उजाडला तो १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. एकवीस वर्षे पुरी झालेल्या कोणाही स्त्रीपुरुषाला मत. मुंबई राज्यात काँग्रेसने ३१५ पैकी २६९ जागा जिंकल्या. तेव्हा मी तीन वर्षांचा. त्यामुळे त्या निवडणुकीची साक्ष मला देता येणार नाही. मला आठवते ती १९५७ ची.

आमचे गाव पवन मावळात, नदीकाठी. वडील, म्हणजे आमचे अण्णा, गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यामुळे मतदानाची सारी तयारी आमच्या डोळ्यांसमोर झाली. शाळेच्या पडवीत एका बाजूला आडोसा केला होता आणि त्यामागे लोखंडी पेट्या ओळीने मांडलेल्या. आजच्या तरुणांना नवल वाटेल, पण तेव्हा कागदावर शिक्का मारायचा नसे. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने हातात मिळालेला कागद आडोशामागे जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत सोडायचा. एका पेटीवर बैलजोडी होती आणि एकीवर पणती. बैलजोडी काँग्रेसची, पणती जनसंघाची. आमच्या वर्गातल्या पोरांमध्ये यावरून आधीच दोन तट पडले होते. बैलाच्या बाजूचे म्हणत, पणतीने नांगरट होत नाही. पणतीच्या बाजूचे म्हणत, अंधारात बैल खड्ड्यात जातो.

त्या दिवशी आजी पहाटे उठून न्हाली. नवे लुगडे नव्हते, पण ठेवणीतले इरकली नेसली. यादीत तिचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने होते. याचे तिला केवढे अप्रूप! पहिल्या निवडणुकीच्या वेळी उत्तरेकडच्या काही प्रांतांत लाखो बायकांनी ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले म्हणून त्यांची नावे यादीतून गळली, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले आणि मला त्या सकाळची आजी आठवली. ती आडोशामागे गेली, क्षणभर थांबली आणि बाहेर आली. वाटेत मी तिला विचारले, “आजी, बैल का पणती?”

“आरं, ते सांगायचं न्हाय,” ती म्हणाली. “तुझ्या अण्णानंच सांगितलंय तसं.”

“पण मला सांग ना!”

“तुला न्हाय आन् अण्णालाबी न्हाय. इतक्या वर्सांत माझ्या एकटीची म्हणून एकच गोष्ट मिळालीया. ती कशी वाटून टाकू?”

तिने ते शेवटपर्यंत सांगितले नाही.

त्या निवडणुकीचे कारण मात्र गुपित नव्हते. १९५६ च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक मुंबई राज्य लादले गेले होते आणि ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ हा एकच विषय घरोघरी होता. आपल्या डोंगरातल्या गावांना मुंबईचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्याने मुंबईच्या डबेवाल्यांचे गाव विचारावे. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातलेच ते लोक. आमचा मामाही डबेच वाहत असे. शेतीत चार महिन्यांचे भात निघे. उरलेल्या आठ महिन्यांचे मीठ-मिरची मुंबईहून मनिऑर्डरीने येई. मुंबई आमच्यापासून तुटणार याचा अर्थ आमच्या आयांना भूगोलाच्या पुस्तकातून शिकावा लागला नाही. गोळीबाराच्या, हुतात्म्यांच्या बातम्या वर्तमानपत्राच्या आधी होळीला गावी आलेल्या माणसांच्या तोंडून पोहोचल्या होत्या.

परिणाम असा झाला की पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट उठली. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडात जेमतेम निवडून आले. साऱ्या राज्यात काँग्रेसने ३९६ पैकी २३४ जागा राखल्या. पण मावळ तिच्या हातून गेले. मावळने निवडून दिले ते रामभाऊ म्हाळगींना. म्हाळगी व्यवसायाने वकील, जनसंघाचे, समितीच्या बाजूने उभे. जन्म शेजारच्या खेड तालुक्यातल्या कडूसचा, पण कार्यक्षेत्र पुणे. जनसंघाला त्या वेळी साऱ्या मुंबई राज्यात चारच जागा मिळाल्या. त्यांतली एक ही मावळची! शहरातल्या वकिलाला, आणि ज्या पक्षाचे नाव गावात कोणी धड ऐकले नव्हते त्या पक्षाच्या माणसाला, भातखाचरातल्या शेतकऱ्याने मत दिले. पक्षाकडे पाहिले नाही, प्रश्नाकडे पाहिले. ही आमची पहिली खूण.

म्हाळगींची पुढे एका गोष्टीसाठी ख्याती झाली. आमदार म्हणून आपण वर्षभरात काय केले, याचा अहवाल ते मतदारांपुढे ठेवीत. आज हे वाक्य साधे वाटते. पण निवडून दिलेला माणूस आपल्याला हिशेब देणे लागतो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. सावकार हिशेब मागतो, कुळ देते. सरकार मागते, रयत देते. असाच पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. तो उलटा फिरवता येतो, हे मावळच्या पहिल्याच बंडखोर निवडीतून आलेल्या माणसाने दाखवले, याचा मला मावळी म्हणून अभिमान वाटतो. मात्र अभिमान वेगळा आणि मत वेगळे. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले, मुंबई मिळाली, प्रश्न संपला. १९६२ साली काँग्रेसने राज्यात २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. जनसंघाला एकही नाही. मावळातली पणतीही त्या वाऱ्यात विझली. म्हाळगी पुढे १९६७ आणि १९७२ साली पुण्यातून विधानसभेवर गेले, नंतर ठाण्यातून लोकसभेवर. मावळ तोवर आपल्या पुढच्या प्रश्नाकडे वळले होते.

तो प्रश्न होता पवनेचा. आमच्या नदीवर धरण बांधायचे ठरले, तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होतो. सुट्टीत घरी यावे तो प्रत्येक वेळी भिंत थोडी वर चढलेली. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी पाणी अडले आणि आमची खाचरे, शाळा, शाळेची ती पडवी, सारे पाण्याखाली गेले. काठावरचे वाघेश्वराचे जुने देऊळही बुडाले. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते आजही चिखलातून वर येते आणि लोक दर्शनाला जातात. आम्हाला मोबदल्याची रक्कम मिळाली. बदली जमिनीचा अर्ज अण्णांनी एका कचेरीत दिला. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. अण्णा गेले, मग तो अर्ज माझ्या नावाने चालू लागला. आमची गोष्ट जगावेगळी नव्हती. धरणकाठच्या शेकडो खातेदारांची तीच गत. आम्ही तळेगावला आलो आणि मी शाळेत लागलो, म्हणून आमचे निभावले. ज्यांना नोकरी मिळाली नाही त्यांचे काय झाले, ते मी लिहीत बसत नाही.

अशा दिवसांत १९७२ ची निवडणूक आली. बांगलादेशचे युद्ध नुकतेच जिंकलेले, इंदिराबाईंच्या नावाचा डंका, पोस्टरापोस्टरावर गाय-वासरू. राज्यात काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. जनसंघाला पाच. आणि त्या पाचांत एक पुन्हा मावळची! तळेगावचे कृष्णराव भेगडे पणतीवर निवडून आले होते. लाट आली की सगळे एका दिशेने वाहतात, या नियमाला मावळने दुसऱ्यांदा अपवाद केला. पुढे कृष्णराव काँग्रेसमध्ये गेले आणि १९७८ साली त्याच मावळाने त्यांना पुन्हा निवडून दिले. चिन्ह बदलले, माणूस तोच. मतदार चिन्हाकडे पाहून मत देतो असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. कृष्णराव नंतर दीर्घकाळ शिक्षणसंस्थांच्या कामात राहिले. २०२५ साली ते वारले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला सर्व पक्षांची माणसे होती.

१९७८ हे साल आणखी एका कारणाने आमच्या बखरीत नोंदवले पाहिजे. त्या वर्षीच्या मार्चात पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. वरवर पाहता गाडीचा आणि मताचा संबंध काय? पण पहाटेच्या लोकलने पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात जाणारा आणि रात्री भातखाचराच्या बांधावरून घरी येणारा नवा मतदार त्या गाडीने घडवला. त्याच्या एका हातात पगाराचे पाकीट आणि दुसऱ्या हातात विळा. तळेगावात वाड्यांच्या जागी सोसायट्या उठू लागल्या. लोणावळ्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे टेकडीटेकडीवर मुंबईकरांचे बंगले. मालकाचे मत मुंबईत, आणि बंगल्याच्या रखवालदाराचे मत मावळात! १८७७ सालापासून नगरपालिका असलेल्या या गावात मताचा दिवस आला की बंगल्यांची फाटके बंद आणि मागच्या आवारातल्या खोल्यांतून मात्र माणसे रांगेला निघालेली, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिले आहे.

डोळ्यांनी पाहिले, कारण निवडणुकीचे काम शिक्षकाच्या कपाळी लिहिलेलेच असते. पेट्या वाहणारी एस.टी., कंदिलाच्या उजेडात भरायचे तक्ते, रात्री शाळेच्या फरशीवर पेटीला उशाशी घेऊन झोपणे. हे सारे मी केले. ऐंशीनंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बी. एस. गाडे पाटील आणि मदन बाफना मावळचे आमदार झाले. बाफना तर राज्यमंत्रीही होते. काँग्रेस परंपरेचा तो काळ. वाटले, मावळ आता शांत झाले. १९९५ साली मतमोजणीचा निकाल लागला आणि भारतीय जनता पक्षाच्या रूपलेखा ढोरे निवडून आल्या. मावळची पहिली स्त्री आमदार! आजी तेव्हा हयात नव्हती. असती तर तिने काय म्हटले असते, याचा मी पुष्कळ विचार केला. बहुधा काहीच म्हटले नसते. ठेवणीतले लुगडे तेवढे पुन्हा घडी घालून ठेवले असते.

त्यानंतर कमळाने मावळात जे मूळ धरले ते पाच निवडणुका टिकले. १९९९ आणि २००४ साली दिगंबर भेगडे, २००९ आणि २०१४ साली बाळा भेगडे. मौज अशी की यांतली पंधरा वर्षे, १९९९ पासून २०१४ पर्यंत, राज्यात सत्ता दुसऱ्यांची होती. मावळचा आमदार विरोधी बाकावर. ‘सत्तेबरोबर राहा म्हणजे कामे होतील’ हा उपदेश आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीत होतो आणि लोक तो चहाबरोबर ऐकून घेतात.

२००४ साली माझी शेवटची मोठी नेमणूक होती. कागदी मतपत्रिका जाऊन यंत्रे आली होती. धरणाच्या वरच्या अंगाला कातकरी वस्तीजवळचे केंद्र. खाली मैल-मैल पसरलेले पाणी चकाकत होते आणि बायका झऱ्यावरून हंडे भरून चढण चढत होत्या. दुपारी एक म्हातारा आला. बोटाला शाई लावून घेतली, यंत्राचे बटण दाबले, आवाज ऐकला, आणि जाता जाता माझ्यापाशी थांबला.

“मास्तर, या पेटीला पानी कळतं का?”

“म्हणजे?”

“जुन्या पेटीत कागुद टाकायचो. तिला न्हाई कळलं. हिला इजेची अक्कल हाय म्हनत्यात, म्हून इचारलं.”

सोबतचे कर्मचारी हसले. मलाही हसू आले. पण घरी परतताना एस.टी.च्या खिडकीतून ते पाणी दिसत राहिले आणि हसू ओसरले.

त्या प्रश्नाचा भडका सात वर्षांनी उडाला. पवना धरणाचे पाणी नदीतून खाली वाहते आणि पिंपरी-चिंचवड शहर ते उचलते. ते बंद नळातून थेट शहरात न्यायची योजना निघाली. नदी कोरडी पडेल, काठावरच्या पिकांचे काय, अशी शेतकऱ्यांना धास्ती वाटली. शहराची बाजूही खोटी नव्हती. लाखो माणसांना स्वच्छ पाणी हवे होते, आणि त्या माणसांत आमच्याच गावांतून पोटासाठी गेलेले पुष्कळ होते. २०११ च्या ९ ऑगस्टला, ऐन क्रांतिदिनी, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. नव्वद वर्षांपूर्वी मुळशीत जे मतावाचून आडवे पडले त्यांचे मी समजू शकतो. पण इथे तर प्रत्येकाच्या खिशात मतदार ओळखपत्र होते! साठ वर्षे मत देऊनही रस्त्यावर उतरावे लागले, याचे उत्तर इतिहासाच्या शिक्षकापाशी नव्हते. मी त्या रात्री जेवलो नाही, एवढेच सांगतो. योजना थांबली, बारा वर्षांनी, २०२३ साली, तिच्यावरची स्थगिती उठली. प्रश्न आजही जिवंत आहे.

दरम्यान नकाशाही बदलला होता. पूर्वी आमचा तालुका लोकसभेसाठी दुसऱ्यांच्या शेपटाला बांधलेला असे. मतदारसंघांची फेररचना होऊन २००९ साली ‘मावळ’ नावाचाच लोकसभा मतदारसंघ झाला, आणि केवढा विलक्षण! घाटावरचे मावळ, चिंचवड, पिंपरी आणि घाटाखालचे कर्जत, पनवेल, उरण. इकडे इंद्रायणी, तिकडे समुद्राची खाडी, मधे बोरघाट. जो घाट चढताना इंग्रजी पलटणींना धाप लागली तो आता उमेदवारांना प्रचारात दिवसातून दोनदा चढावा-उतरावा लागतो. पहिल्या खेपेस शिवसेनेचे गजानन बाबर निवडून आले. नंतर २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही वेळा श्रीरंग बारणे. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांनी राष्ट्रवादीचे पार्थ पवार यांचा दोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पत्रपंडितांनी राष्ट्रवादीचे या भागात संपले असे लिहून टाकले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विधानसभेचे मतदान झाले. बाळा भेगडे तेव्हा राज्यमंत्री. त्यांच्यासमोर सुनील शेळके, जे कालपर्यंत भाजपमध्ये होते आणि उमेदवारी न मिळाल्याने राष्ट्रवादीच्या घड्याळावर उभे राहिले. शेळके नव्वद हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. पंचवीस वर्षांचे कमळ एका दिवसात मिटले.

२०२४ ची कथा तर बखरकाराला सुचूही नये अशी. मतदारांची संख्या आता साडेतीन लाखांच्या पुढे गेलेली. देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंत नव्या इमारतींचे मजलेच्या मजले यादीत आलेले. शेळक्यांच्या विरोधात बापू भेगडे अपक्ष उभे राहिले आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांची मंडळी त्यांच्या पाठीशी एकत्र आली. मोठमोठी नावे एका व्यासपीठावर! लोकांनी सभा ऐकल्या, गर्दी केली, आणि मत मात्र आपल्या मनाने दिले. शेळके एक लाखाहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले. त्यात कोणाचे बरोबर, कोणाचे चूक हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. मला दिसते ती १९५७ चीच खूण : वरून ठरवून दिलेले गणित आमच्याकडे सुटत नाही.

मग या साऱ्या बखरीचे सार काय? पणती, गाय-वासरू, कमळ, घड्याळ. मावळने सगळी चिन्हे हाताळून पाहिली. ज्याने हिशेब दिला त्याला पुन्हा बोलावले, ज्याचा हिशेब पटला नाही त्याला बदलले. तळेगावात मोटारींचा मोठा कारखाना २००८ साली आला आणि २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबले. चिप्स बनवणारा प्रचंड प्रकल्प येणार म्हणून जमिनींचे भाव चढले आणि २०२२ साली तो गुजरातेत गेला. याचाही हिशेब लोकांनी आपापल्या वहीत मांडून ठेवला आहे. मताने सगळे मिळते असे मी म्हणणार नाही. माझ्या कपाटात अण्णांचा अर्ज आहे, तो मला तसे म्हणू देणार नाही. पण मत नव्हते तेव्हा आमच्याकडे कोणी फिरकतही नव्हते. आता दर पाच वर्षांनी का होईना, माणसे दारात येऊन उभी राहतात आणि त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवून चार प्रश्न विचारता येतात. हे थोडे नव्हे.

२०२४ च्या २० नोव्हेंबरला मी काठी टेकत मतदानाला गेलो. सोबत नात होती. तिचे पहिलेच विधानसभेचे मत. रांगेत तास गेला. बाहेर आल्यावर तिने शाईचे बोट माझ्या बोटाशेजारी धरून फोटो काढला आणि मग हळूच विचारले, “आबा, तुम्ही कुणाला दिलंत?”

मी म्हटले, “ते सांगायचं नसतं.”

“मला पण नाही?”

“तुला पण नाही. आणि तूही मला सांगू नकोस.”

ती जरा रुसली, मग हसली. उन्हाळ्यात पवनेचे पाणी उतरले की तिला वाघेश्वराला घेऊन जाणार आहे. देवळापासून थोड्या अंतरावर आमची शाळा होती. जागा मला नेमकी दाखवता येईल.